अलाबामाचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन आणि त्यांचे निकाल

डोंगरकडा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलला राहायला येऊन सात वर्षं झाली. अलाबामा म्हटलं की आपल्याला रोझा पार्क्स, मार्टिन ल्युथर किंग आणि सेल्माचा पूल आठवतो. मलाही तेवढंच माहीत होतं. गेल्या महिन्यात राजधानी माँटगोमेरीला गेलो. तिथल्या जुन्या ग्रेहाउंड बसस्थानकात आता फ्रीडम रायडर्सचं, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला एकत्र निघालेल्या गोऱ्या-काळ्या तरुणांचं, संग्रहालय आहे. मे १९६१ मध्ये याच फलाटावर जमावाने त्या पोरापोरींना रक्तबंबाळ केलं आणि शहराचे पोलीस फिरकलेच नाहीत. स्थानकाला खेटूनच फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाची इमारत आहे आणि तिच्यावर नाव आहे फ्रँक एम. जॉन्सन. हे कोण, म्हणून वाचायला लागलो तो अजून थांबलेलो नाही. आपल्याकडे कोणाला त्यांच्याबद्दल फारसं ठाऊक नसावं, म्हणून हा धागा.

जन्म ३० ऑक्टोबर १९१८, विन्स्टन काउंटी. आमच्यापासून दीडेक तासाच्या गाडीवर आहे. डोंगराळ, खडकाळ मुलूख. कापसाचे मोठे मळे तिथे पिकलेच नाहीत, त्यामुळे गुलामही अगदी थोडे. १८६१ साली अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा विन्स्टनच्या प्रतिनिधीने विरोधात मत दिलं. "राज्य देशातून फुटू शकतं, तर आम्ही राज्यातून फुटू शकतो" अशी तिथली भाषा. हे सांगायचं कारण, जॉन्सन बाहेरून आलेले कोणी सुधारक नव्हते. याच मातीतले, तंबाखू चघळणारे, मितभाषी गोरे गृहस्थ. महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत जखमी झाले, परत येऊन वकिली केली आणि १९५३ साली फेडरल सरकारचे वकील झाले. त्या काळात त्यांनी कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगारीत डांबणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांवर खटला चालवला आणि गोऱ्या ज्युरीकडून त्यांना दोषी ठरवून घेतलं. हे १९५४ साली, अलाबामात.

१९५५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीचे फेडरल न्यायाधीश नेमलं. वय ३७. इथे एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अलाबामात राज्याचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. म्हणजे मतं मागायची, आणि तेव्हा मतदार यादीत तर जवळपास सगळे गोरेच. फेडरल न्यायाधीश मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मान्यता देतं आणि नेमणूक तहह्यात असते. गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, कितीही चिडला तरी त्याला हलवता येत नाही. तरीही दक्षिणेतले कितीतरी फेडरल न्यायाधीश शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष नको म्हणून वर्षानुवर्षं दाव्यांवर बसून राहिले. तहह्यात नेमणुकीने माणसाला संरक्षण मिळतं, हिंमत तिने येत नाही.

जॉन्सन खुर्चीवर बसून महिनाही लोटला नव्हता, तोच १ डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला न दिल्याबद्दल रोझा पार्क्सना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांचा बस बहिष्कार सुरू झाला. बसमध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणारा कायदा कोर्टात ज्या दाव्याने पडला, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. त्यांचा खटला राज्याच्या कोर्टात अडकला होता. वकील फ्रेड ग्रे यांनी फेडरल कोर्टात वेगळा दावा लावला तो चार बायकांच्या नावाने : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईझ स्मिथ. कॉल्व्हिन बसमधली जागा न सोडल्याबद्दल पकडली गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी!

तीन न्यायाधीशांचं पीठ बसलं. जॉन्सन सर्वांत कनिष्ठ, म्हणून आधी त्यांचं मत विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं, हा कायदा राज्यघटनेत बसत नाही. दुसरे न्यायाधीश रीव्ह्ज त्यांच्या बाजूने आले, तिसरे लिन यांनी विरोधी मत नोंदवलं. लिन यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या पोकळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली फक्त शाळांपुरतं 'वेगळे पण समान' (गोऱ्या-काळ्यांच्या सोयी वेगळ्या ठेवल्या तरी समान असल्या की चालतं) हे तत्त्व मोडलं होतं, वाहतुकीबद्दलचा जुना निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नव्हता. जॉन्सन आणि रीव्ह्ज यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. निकाल ५ जून १९५६ चा. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि ३८१ दिवसांनी बहिष्कार संपला. त्याच वर्षी जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीची नेहमीची धमकी.

आता सेल्मा. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चावर पुलावर पोलिसांच्या लाठ्या आणि अश्रुधूर. दोन दिवसांनी पुन्हा मोर्चा निघणार होता, आणि जॉन्सन यांनी त्याला तात्पुरती मनाई केली. सुनावणी होईपर्यंत मोर्चा नाही. आंदोलकांना हा विश्वासघात वाटला. किंग पुलापलीकडे गेले, प्रार्थना केली आणि मागे फिरले. मग सुनावणी झाली, पुलावरच्या मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली गेली आणि १७ मार्चला निकाल आला. त्याचा गाभा असा : निषेध करण्याचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध निषेध आहे तो किती मोठा यावर ठरेल. सेल्माच्या काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय लोक होते, यादीत नावं जेमतेम ३०० जणांची. अन्याय एवढा मोठा, म्हणून ५४ मैल महामार्गावरून चालत जाण्याचा हक्कही तेवढाच मोठा. आणि लगेच त्याच आदेशात बारकावे : रस्ता दुपदरी आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत, राज्याने संरक्षण द्यायचं.

मला जॉन्सन यांचं सगळ्यात जास्त भावलेलं वैशिष्ट्य हेच. हक्क आहे असं नुसतं म्हणून ते थांबत नसत. किती, कुठे, कधीपर्यंत, ते मोजून लिहून देत. याचा कळस म्हणजे ब्राइस या मनोरुग्णालयाचा खटला. लेख लांबलाय, तो पुढच्या प्रतिसादात लिहितो.

वाटसरू_नागपूर

सुंदर लिहिलंय दादा. वकील आहे म्हणून एक भर घालते. मोर्चा संपला त्याच रात्री, २५ मार्चला, मोर्चेकऱ्यांना गाडीने सोडणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या बाईंना क्लॅनवाल्यांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात खुनाची शिक्षा झालीच नाही. मग फेडरल सरकारने नागरी हक्क हिरावण्याचा कट म्हणून तिघांवर वेगळा खटला भरला, तो जॉन्सन यांच्यापुढे चालला. ज्युरीने एकमत होत नाही म्हणून कळवलं. त्यांनी ज्युरीला परत आत पाठवलं. डिसेंबर १९६५ मध्ये तिघेही दोषी ठरले आणि त्यांनी कायद्यात होती तेवढी कमाल, दहा दहा वर्षांची शिक्षा दिली. खुनाला दहा वर्षं ही शिक्षा कमीच, पण ते कलम तेवढ्यापर्यंतच जात होतं. ब्राइसबद्दल लवकर लिहा.

डोंगरकडा

धन्यवाद ताई. लिहितो.

टस्कलूसा गावात ब्राइस हॉस्पिटल. १९७० च्या सुमारास पाच हजारांवर रुग्ण. अलाबामाने सिगारेटवरचा कर कमी केला, त्या पैशावर मनोरुग्णालयांचं खातं चालत होतं, म्हणून ९९ कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. त्यांच्यातल्या काहींनी दावा लावला. सोबत रिकी वायट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला वादी केलं, त्याची मावशी तिथेच नोकरीला होती. मुलाला मानसिक आजार नव्हताच, नुसता व्रात्य म्हणून तिथे ठेवलेला. म्हणजे दावा सुरू झाला तो नोकऱ्या गेल्याचा. जॉन्सन यांनी त्यातून वेगळाच प्रश्न उचलला : गुन्हा नसताना, उपचारासाठी म्हणून तुम्ही माणसाचं स्वातंत्र्य काढून घेता, आणि उपचार देत नाही, तर त्याला कोंडून ठेवायचा तुम्हाला अधिकार काय?

मार्च १९७१ मध्ये त्यांनी निकाल दिला की अशा रुग्णाला उपचाराचा घटनात्मक हक्क आहे. राज्याला सहा महिने दिले. राज्याने काही धड केलं नाही. मग तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. जेवणावर रोज माणशी ५० सेंटसुद्धा खर्च होत नव्हता असं पुढे आलं. १९७२ च्या आदेशाला त्यांनी नियमांची यादीच जोडली. एका खोलीत जास्तीत जास्त ६ रुग्ण. प्रत्येकाला किमान ८० चौरस फूट. ८ जणांमागे एक संडास, १५ जणांमागे एक न्हाणी. खोलीचं तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली नाही आणि ८३ च्या वर नाही. पत्र लिहायचा हक्क, स्वतःचे कपडे घालायचा हक्क, मजुरी न देता रुग्णाकडून संस्थेची कामं करून घ्यायला बंदी.

हा खटला २००३ च्या डिसेंबरात बंद झाला. तेहतीस वर्षं! पण पुढे कितीतरी राज्यांनी आपले कायदे बदलले ते हीच मापं समोर ठेवून.

पायवाट

लेख आवडला, पण मनापासून एक शंका. निवडून न आलेल्या एका माणसाने राज्याला सांगायचं की संडास किती बांधा, नर्स किती नेमा? पैसा करातून येतो. तो कुठे खर्च करायचा हे विधिमंडळ ठरवतं. आज हेतू चांगला म्हणून टाळ्या वाजवल्या, उद्या वाईट हेतूचा न्यायाधीश आला तर? आपल्याकडेही कोर्ट धोरणं ठरवायला लागलं की मला अस्वस्थ व्हायला होतं.

डोंगरकडा

@पायवाट, हा आक्षेप त्यांच्यावर हयातभर घेतला गेला. १९७६ मध्ये त्यांनी अलाबामाचे तुरुंग माणसाने राहण्याच्या लायकीचे नाहीत असा निकाल देऊन अशीच मापं घालून दिली, तेव्हा गव्हर्नर वॉलेस यांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. पण क्रम बघा. त्यांनी प्रत्येक वेळी आधी राज्याला मुदत दिली, तुम्हीच योजना आणा म्हणून. ब्राइसच्या नियमांतले बरेचसे तर दोन्ही पक्षांनी मिळून मान्य केलेले होते. राज्य हलत नाही तेव्हाच त्यांनी स्वतः लेखणी उचलली. आणि त्या रुग्णांना, कैद्यांना विधिमंडळात विचारतो कोण? ज्याचं मत मोजलं जात नाही त्याने विधिमंडळाकडे जावं म्हणणं म्हणजे त्याला बंद दाराकडे पाठवणं. उद्याच्या वाईट न्यायाधीशाची तुमची भीती मात्र खरी आहे. त्यावर वर अपील आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

वाटसरू_नागपूर

@पायवाट, आपल्या जनहित याचिकांचं वळण साधारण असंच आहे. १९८२ साली पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात १५ महिला कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं, तीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात न्या. भगवतींनी 'हे चूक आहे' एवढं म्हणून फाइल मिटवली नाही. बायकांची कोठडी वेगळी, पहारा महिला पोलिसांचा, अटक झालेल्याला कारण आणि जामिनाचा हक्क सांगायचा, न्यायाधीशाने अधूनमधून अचानक कोठडी तपासायची, असं सगळं लिहून दिलं. कोर्टात रोज काम करताना मला हे जाणवतं की मोघम आदेश अधिकाऱ्याच्या टेबलावर मरतो. आकडा असलेल्या आदेशाला विचारता येतं, झालं का?

सावित्रीकाठ

मी महाडचा. सेल्माबद्दल वाचताना अंगावर काटा आला, कारण हे सगळं आमच्या गावात आधी घडून गेलंय.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार, त्याच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसं जमलेली, तळं समोर. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही, तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला. किंग पुलावरून मागे फिरले ते ९ मार्च १९६५ ला. दोघांनीही कोर्टाचा हुकूम पाळला, दोघांच्याही लोकांना तो गिळणं जड गेलं.

पुढचा भाग वेगळा. माँटगोमेरीत मनाई हुकूम आणि अंतिम आदेश यांत आठ दिवस गेले. आमचा दावा महाड, ठाणे आणि मग मुंबई हायकोर्ट असा दहा वर्षं चालला. हायकोर्टात न्या. ब्रूमफिल्ड यांनी निकाल दिला की तळ्यावर फक्त सवर्णांची पूर्वापार वहिवाट होती हे सिद्ध झालेलं नाही. तारीख १७ मार्च १९३७. जॉन्सन यांच्या सेल्मा निकालाचीही तारीख १७ मार्च! आमच्या घरी २० मार्चला दरवर्षी तळ्यावर जातात. १७ तारीख कोणी लक्षात ठेवत नाही. यंदापासून मी ठेवणार.

डोंगरकडा

दादा, हे मला माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. निकाल लवकर लागणं हा न्यायाचाच भाग असतो, हे जॉन्सन यांच्याबाबत मी लिहायलाच विसरलो होतो. दावे रेंगाळू देत नाहीत अशी त्यांची ख्याती होती.

जुने_खोड

चांगला धागा. फक्त त्यांची मूर्ती करू नका. टस्कीगी शहराची हद्द १९५७ साली राज्याने अशी कापली की चौकोनाची २८ बाजूंची आकृती झाली. ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर, गोरा एकही नाही. हे प्रकरण जॉन्सन यांच्यापुढेच आलं, आणि हद्द ठरवणं हा विधिमंडळाचा अधिकार म्हणून त्यांनी दावा फेटाळला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. शिवाय १९६१ मध्ये क्लॅनला आणि कामात कुचराई करणाऱ्या पोलिसांना मनाई करताना त्यांनी फ्रीडम रायडर्सनाही काही दिवस मनाई केली होती.

डोंगरकडा

@जुने_खोड काका, दोन्ही गोष्टी खऱ्या, मी लेखात घालायला हव्या होत्या. टस्कीगीच्या वेळी ते जुन्या पायंड्याला धरून राहिले आणि चुकले. १९६२ मध्ये मात्र विधिमंडळाच्या मतदारसंघांच्या विषम वाटणीवर त्याच कोर्टाच्या पीठाने हात घातला, त्यात ते होते.

ते चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. कायदा दोन्ही बाजूंना सारखा लावायचा एवढाच त्यांचा हट्ट. जॉर्ज वॉलेस हे त्यांचे लॉ कॉलेजातले सोबती. १९५९ साली वॉलेस राज्याचे न्यायाधीश होते आणि मतदार याद्यांची कागदपत्रं फेडरल नागरी हक्क आयोगाला द्यायला नकार देत होते. जॉन्सन यांनी अवमानाची तंबी दिली. वॉलेस रात्री त्यांच्या घरी जाऊन आले. शेवटी वॉलेस यांनी कागदपत्रं ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हाती दिली, तिथून ती आयोगाकडे गेली. जॉन्सन यांनी त्यांना अवमानातून सोडलं आणि आदेशात लिहून ठेवलं की यांनी आडवाटेने का होईना, कागदपत्रं दिलेली आहेत. बाहेर मात्र वॉलेस आपण फेडरल सरकारला नमवलं असं सांगत फिरले आणि १९६२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. जॉन्सन यांनी मित्र म्हणून गय केली नाही आणि शत्रू म्हणून अडकवलं नाही.

इंद्रधनू_पुणे

एक निकाल राहिला, माझ्यासाठी सगळ्यात जवळचा. पुढे ते अपील कोर्टात गेले, १९७९ नंतर. १९८५ मध्ये जॉर्जिया राज्याचा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा त्यांच्यापुढे आला. त्यांनी लिहिलेला बहुमताचा निकाल असा की घराच्या चार भिंतींआडचं हे नातं माणसाचा मूलभूत हक्क आहे, त्यात डोकावायचं तर राज्याला भक्कम कारण दाखवावं लागेल. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. २००३ मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःची चूक कबूल केली. तोवर जॉन्सन यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो होतो. १९८५ मध्ये, अलाबामातल्या एका सहासष्ट वर्षांच्या माणसाला हे दिसलं होतं, हे आज कळलं. खूप आभार.

डोंगरकडा

तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. काळाच्या आधीचं त्यांचं आणखी एक मत आहे. माँटगोमेरीच्या मॅक्सवेल हवाई तळावर शॅरन फ्राँटिएरो नावाच्या लेफ्टनंट होत्या. पुरुष अधिकाऱ्याच्या बायकोला आपोआप मिळणाऱ्या सवलती त्यांच्या नवऱ्याला हव्या तर तो त्यांच्यावर अवलंबून आहे हे सिद्ध करायला सांगितलं. १९७२ च्या पीठात दोघे विरोधात गेले, जॉन्सन एकटे त्यांच्या बाजूने. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी जॉन्सन यांच्या बाजूने कौल दिला.

रानजाई

घरच्यांचं काय झालं असेल हो? एवढ्या रोषात त्यांच्या पत्नी, मुलं कशी राहिली?

डोंगरकडा

ताई, सोसलं त्यांनी. घराभोवती वर्षानुवर्षं फेडरल मार्शलचा पहारा होता. गावातल्या गोऱ्या मंडळींनी जवळपास वाळीतच टाकलं. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. बहुधा त्यांचंच घर समजून. आई बचावल्या आणि घर सोडून कुठेही गेल्या नाहीत. जॉनी हा एकुलता एक दत्तक मुलगा, १९७५ मध्ये त्याने जीव दिला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं होतं, पण पोटातल्या धमनीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांना नाव मागे घ्यावं लागलं. १९९५ मध्ये देशाचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. २३ जुलै १९९९ ला माँटगोमेरीतच गेले. पत्नी रूथ अखेरपर्यंत सोबत होत्या.

शुश्रूषा

मी एकतीस वर्षं सरकारी मनोरुग्णालयात परिचारिका होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. आठ जणांमागे एक संडास हे वाचलं आणि थांबले. आमच्या बायकांच्या वॉर्डात मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरच्या वर बायका आणि चालू स्थितीतले संडास तीन. सकाळी रांग लागायची, मारामाऱ्या व्हायच्या, मग आम्ही त्यांना 'आक्रमक' अशी नोंद करायचो. त्या आक्रमक नव्हत्या, त्यांना घाई लागलेली असायची. हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि ते कुठे लिहून द्यायचं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कोण्या एका न्यायाधीशाने हा आकडा बसून मोजला होता, हे कळून आज बरंही वाटतंय आणि वाईटही.

दादा, ते ८३ अंश म्हणजे आपले किती?

डोंगरकडा

ताई, साधारण २८.

शुश्रूषा

मे महिन्यात आमच्या वॉर्डात ४१ पाहिलेत मी. पंखे दोन होते.